टोपी फिरवली की घातली?

प्रिय ताई,

मी मूळचा कोल्हापूरचा, वय ४८, गेली एकोणीस वर्षं मँचेस्टरला आहे. कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र इथल्या ओएसिस या बँडच्या नादी लागलो ते कायमचे. तो आता लीड्सला असतो, तासाभराच्या अंतरावर. २००९ मध्ये नोएल आणि लियाम गॅलाघर या भावांचं फाटलं आणि बँड मोडला, तेव्हा आम्ही सुतक पडल्यासारखे वागलो होतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा एकत्र येणार असं जाहीर झालं. मित्र म्हणाला, "भावा, हे पैशासाठी चाललंय. तरी जाऊ." ३१ ऑगस्टला सकाळी आम्ही दोघं फोनवर, समोर आपापले लॅपटॉप, पुढे रांगेत लाखभर माणसं. दुपारी नंबर लागला तर दीडशे पौंडांच्या आसपासचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलेलं. मित्र भडकला. "ही दरोडेखोरी आहे. मी बंद केलं. तू?" मी म्हणालो, "मीही." आणि ते म्हणत असतानाच मी एक तिकीट घेतलं.

१६ जुलै २०२५ला, ऑफिसच्या कामासाठी बर्मिंगहॅमला चाललोय असं त्याला सांगून, मी एकटाच इथल्या हीटन पार्कात त्यांच्या कार्यक्रमाला गेलो. दोघं भाऊ हातात हात घेऊन स्टेजवर आले आणि मी रडलो, ताई. परतताना ट्रॅममध्ये मात्र कसंतरीच वाटत होतं. दिवाळीत फराळाला लीड्सला गेलो तेव्हा माझी मुलगी बोलून गेली, "काका, कॉन्सर्टनंतर बाबांचा आवाज तीन दिवस बसला होता." मित्र "असं होय" एवढंच म्हणाला आणि चकली खात राहिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा येतो. मी टोपी फिरवली का? आणि जे बघितलं ते खरं होतं की पैशासाठीचं नाटक? त्याच्यासाठी घेतलेली बकेट हॅट अजून गाडीच्या डिकीत पडून आहे.

तुमचा एक वाचक, मँचेस्टर

*

तुमचं पत्र आलं तेव्हा यातला लियाम कोण आणि नोएल कोण हेही मला धड सांगता आलं नसतं. माझा पिंड ठुमरी आणि नाट्यपदांचा. पण गेले दहा दिवस आमच्याकडे भाजी निवडताना हाच बँड वाजतोय, आणि शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा रोज संध्याकाळी येऊन माझी शिकवणी घेतोय. तुम्ही आणि तुमचा मित्र दोघंही म्हातारे झाला आहात असं त्याचं मत आहे. ते सोडा.

पत्र साडेपाच पानांचं होतं, वर छापलंय ते अगदी थोडं. गाळलेल्या भागातलं काही मी पुढे वापरणार आहे, कारण खरा मजकूर तिथेच आहे.

आधी तुमच्या मित्राची बाजू घेते. तिकिटांच्या किमतीच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर होता. त्या दिवशी चिडलेला तो एकटाच नव्हता. इतका गदारोळ झाला की ग्राहकांचं हित बघणारी तिथली सरकारी यंत्रणा चौकशीला बसली. मार्च २०२५ मध्ये तिनं जे सांगितलं ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला. मागणी बघून संगणकच मिनिटामिनिटाला भाव चढवतोय अशी सगळ्यांची ओरड होती, पण तसा पुरावा मिळाला नाही. झालं होतं ते फार साधं, आपल्या बाजारपेठेत कुणालाही कळेल असं. उभं राहायची तिकिटं मुळातच दोन दरांत ठेवलेली, स्वस्तातली संपली की महागातली सुरू. तासन्‌तास रांगेत बसलेल्या माणसाला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. वर 'प्लॅटिनम' असं नाव देऊन काही तिकिटं जवळजवळ अडीचपट किमतीला विकली, आणि त्या जास्तीच्या पैशांत जास्तीचं काही मिळणार नाही हे नीट सांगितलं नाही. बँडनं हात वर केले : तिकिटांचे भाव आयोजक आणि व्यवस्थापक ठरवतात, आम्हाला कल्पना नव्हती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही पाण्याच्या टँकरच्या बिलाबद्दल अगदी हेच म्हणतात.

म्हणजे साडेतीनशे पौंड देऊन तुम्ही टोपी घालून घेतलीत. डोळे उघडे ठेवून, स्वखुशीनं. तो तुमचा पैसा, तुमची हौस. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो, ते बहुतेक हौस करून झाल्यावरच.

मित्राचा दुसरा मुद्दा याहून जड आहे, आणि तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकलात. २०१७ला तो मँचेस्टरमध्येच राहत होता. २२ मेच्या रात्री तिथल्या अरीनामध्ये कार्यक्रम संपता संपता स्फोट झाला, २२ माणसं गेली, त्यात लहान मुलंही. तीन दिवसांनी सेंट ॲन्स स्क्वेअरमध्ये लोक मिनिटभर स्तब्ध उभे राहिले, आणि ते मिनिट संपल्यावर गर्दीतली एक बाई हळूच ओएसिसचं 'डोन्ट लुक बॅक इन अँगर' म्हणायला लागली. मग सगळा चौक. तुमचा मित्र त्या चौकात होता. ४ जूनला मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला तेव्हा लियाम आला, नोएल आला नाही, आणि लियामनं भावाला जाहीरपणे धुतलं. मित्राचं म्हणणं असं की ज्या गावानं यांचं गाणं स्वतःच्या दुःखात आपलंसं केलं, त्या गावासाठी हे एका स्टेजवर आले नाहीत, आणि पौंड मोजायची वेळ आल्यावर मात्र आले.

याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हीही शोधायला जाऊ नका. ज्यानं ते गाणं त्या चौकात ऐकलंय त्याला आपल्या पैशाचं मोल वेगळं वाटणारच.

आता तुमचा प्रश्न, खरं की नाटक.

माझ्या आजोळी एक सनई-चौघड्याचा ताफा होता. त्यात दोन सख्खे भाऊ. थोरला सनईवर राग मांडायचा, धाकटा दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा. विहिरीच्या पाण्यावरून दोघांत बोलणं बंद झालं ते अकरा वर्षं. पण लग्नसराईत ताफा ठरला की दोघं एकाच बैलगाडीतून यायचे, एकाच सतरंजीवर बसायचे. काही सांगायचं झालं तर निरोप मधल्या संबळवाल्यामार्फत. "त्याला म्हणावं, पट्टी वर चढवतोय." आम्ही पोरं त्या संबळवाल्याकडेच बघत बसायचो, कारण त्याची मान सारखी इकडून तिकडे. पण वरात दारात आली आणि थोरल्यानं श्वास भरला, की धाकट्याचा सूर इतका अचूक त्याच्या खाली येऊन थांबायचा की माझी आजी हातातलं ताट तसंच धरून उभी राहायची. बिदागी ते आधी मोजून घेत. वाटणीही तिथेच, संबळवाल्यासमोर, नाण्याला नाणं लावून. त्यांचं भांडण खरं होतं, बिदागी खरी होती आणि तो सूरही खराच होता. यातलं कुठलंही एक दुसऱ्याला खोडून काढत नव्हतं.

गॅलाघर बंधूंचं मला असंच काहीसं वाटतं. २८ ऑगस्ट २००९ला पॅरिसच्या कार्यक्रमाआधी स्टेजमागे जुंपली, गिटार फुटली, आणि त्याच रात्री नोएलनं जाहीर केलं की लियामबरोबर आणखी एक दिवसही काम करणं जमणार नाही. पुढची पंधरा वर्षं शिव्यांची देवघेव मुलाखतींतून आणि ट्विटरवरून. लियाम थोरल्या भावाला 'बटाटा' म्हणायचा. (आपल्याकडे भाऊबंदकीत बांध, विहीर, आंब्याचं झाड असलं काहीतरी असतं, यांच्यात बटाटा.) ४ जुलै २०२५ला कार्डिफला पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा हात उंचावून आले आणि शेवटी ओझरती गळाभेट झाली. मधल्या दोन तासांत एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. त्यांची घरी काय दिलजमाई झाली, झाली की नाही, हे त्यांना आणि त्यांच्या आईला ठाऊक. त्या माउलीनं, पेगीबाईंनी, मारकुट्या नवऱ्यापासून तीन मुलं घेऊन घर सोडलं आणि बर्नेजला वाढवली. तिच्या मनात काय आलं असेल याची मला तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त उत्सुकता आहे, पण ते काही कळायचं नाही.

तुम्ही तिकीट काढलं होतं गाण्याचं. गाणं मिळालं. भावांच्या मनातलं त्या तिकिटात धरलेलंच नव्हतं, साडेतीनशेच्या नाही आणि दीडशेच्याही नाही.

पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली आहे. तुम्ही लिहिता की दोघांचे हातात हात बघून रडलो. तेच पान मी पुन्हा वाचलं. पहिल्या गाण्याला तुम्ही उड्या मारताय, शेजारच्या कुणाची बिअर तुमच्या पाठीवर सांडली ते लिहिताय, चक्क हसताय. दुसरं गाणं 'अक्विएस' सुरू होतं. तुम्ही लिहिता, "सवयीनं डावीकडे बघितलं." आणि त्याच्या पुढच्या ओळीत रडणं आहे.

हे गाणं तुमच्या कॉलेजातल्या त्या कॅसेटवर नव्हतं. १९९५च्या एका सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला टाकलेलं ते गाणं, अल्बममध्ये घेतलंच नव्हतं. १९९८ला अशा मागच्या बाजूच्या गाण्यांचा संग्रह निघाला, आणि तुमचा मित्र तो शोधत पुण्याला गेला, येताना रात्रीच्या एसटीत वॉकमनचा एक बोंडा स्वतःच्या कानात आणि दुसरा रिकामा लोंबकळत, कारण तुम्ही बरोबर नव्हता. हे सगळं तुम्हीच लिहिलंय. कडवं लियाम म्हणतो, धृपद नोएल म्हणतो. म्हणून जगभरचे लोक ते भावाभावांचं गाणं समजतात. नोएलनं मात्र सांगून ठेवलंय की ते मैत्रीवर आहे. हे मला शेजारच्या पोरानं शिकवलं, तुम्हाला पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या मित्रानं शिकवलं असणार.

तेव्हा डावीकडे कुणी नव्हतं याचं ते रडणं होतं असं मला वाटतं. चुकत असेन तर कळवा.

आता टोपीकडे येऊ. टोपी फिरवणं म्हणजे काल एक बोलून आज दुसऱ्या बाजूला जाऊन बसणं. तसं तुम्ही केलेलं नाही. पुन्हा एकत्र येणं पैशासाठी आहे असं तुम्हाला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, आणि तरी जायचंच होतं. माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं. मला आमच्या गणपतीतल्या लाउडस्पीकरचा भयंकर राग येतो आणि विसर्जनाच्या रात्री मी गॅलरीतून हलत नाही. जाण्याबद्दल माफीबिफी काही मागायची नाही.

तुम्ही टोपी घातलीत. त्याला. "मीही" या एका शब्दात. फोन कानाला होता, तो तिकडे श्वास सोडत होता, त्याला वाटलं आपण दोघं एका बाजूला आहोत. त्यापुढचे जवळजवळ चौदा महिने, दिवाळीपर्यंत, तो याच समजुतीत होता. तुम्ही त्याच्या लांबलचक संतापी मेसेजेसना "बरोबर आहे भावा" लिहीत होता, आणि तिकीट तुमच्या मोबाइलमध्ये होतं. माझ्या मते त्याला कॉन्सर्टचं काही वाटलं नसेल. त्यानं चकली खाता खाता ते चौदा महिने मागे जाऊन मोजले असतील.

याची किंमत साडेतीनशेपेक्षा जास्त पडली, हे तुमच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. त्या जुलैत हीटन पार्कातच, कार्यक्रमाच्या आवाराबाहेरच्या एका टेकडीवर हजारो लोक जमत होते. तिकीट नाही, काही नाही, गवतावर बसून आवाज आणि लांबून दिसेल तेवढा पडदा. लोकांनी तिला 'गॅलाघर हिल' नाव ठेवलं होतं. नवी झाडं लावली होती ती तुडवली जायला लागली म्हणून नंतर पालिकेनं कुंपण घातलं, पण पहिल्या रात्री ती खुली होती. तुमच्या मित्राच्या तत्त्वात अगदी नीट बसणारी जागा! एक पेनी न देता. ११ जुलैलाच टेकडीचे व्हिडिओ सगळीकडे झाले होते, तुम्ही म्हणता तुम्हीही बघितलेत. साध्या माणसानं लगेच फोन केला असता, "अरे, चल की, उद्या टेकडीवर बसू." तुम्हाला तो करता आला नाही, कारण तुम्ही बुधवारी बर्मिंगहॅमला जाणार होता.

असो. काय करायचं ते सांगते.

व्हॉट्सॲपवर लिहू नका. तुम्ही लिहाल तीन परिच्छेद, त्याचा येईल अंगठा, आणि तुम्ही तो अंगठा मला पाठवाल. फोन करून विचारा, "शनिवारी येऊ का, एकटाच येतोय." एकटाच या शब्दावरून त्याला काय ते कळेल. वहिनींसमोर नको, मुलांसमोर तर नकोच. तुम्ही दोघं कुठे चालायला वगैरे जात असाल तर तिथे; चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही.

सांगायचं ते इतकंच : त्या दिवशी मी बंद केलं म्हणालो ते खोटं होतं, तू फोनवर असतानाच मी तिकीट घेतलं, बर्मिंगहॅमही खोटं. इथे थांबा. तुमच्या पत्रात 'पण' हा शब्द मी मोजला, एकवीस वेळा आहे. पण तू इतका चिडला होतास, पण मला वाटलं तू दुखावशील, पण एकदाच तर. हे सगळे 'पण' घरी ठेवून जा. तो चिडला होता हे तुमच्या खोटेपणाचं कारण नाही. तुम्हाला त्याच्यासमोर हावरट दिसायचं नव्हतं, हे आहे. तो विचारेल तर हेही सांगा, न विचारता नको.

तो काय करेल हे मला सांगता येणार नाही. कोल्हापूरचा माणूस आहे, आधी दोन सणसणीत शिव्या देईल अशी आशा करू. शिव्या आल्या तर काम झालं समजा. गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा, आणि परतीच्या वाटेवर गाडी थांबवून मेसेज करू नका. त्याला वेळ लागेल. चौदा महिन्यांचं खोटं एका शनिवारात फिटत नाही.

"तू असायला हवा होतास" हे वाक्य तुम्ही मनात घोळवत असाल. म्हणू नका. असायला हवा होता तर सांगायला हवं होतं, असं तो म्हणेल आणि बरोबर म्हणेल. कॉन्सर्टची गोष्ट आपणहून काढूच नका.

त्यानं विचारलं तर मात्र सगळं सांगा, आणि सुरुवात भावांपासून करू नका. पत्रातली माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे 'सिगरेट्स अँड अल्कोहोल'ची. लियामनं सगळ्यांना स्टेजकडे पाठ करायला सांगितलं, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायला लावले. मँचेस्टर सिटी या फुटबॉल संघाचे चाहते सामन्याच्या वेळी करतात तो 'पोझनान'. तुमच्या एका बाजूला साठीचा टकलू गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सतरा-अठराची मुलगी, आणि साडेतीनशे पौंड मोजून तुम्ही तिघं ज्यांच्यासाठी आलात त्यांच्याकडेच पाठ करून उड्या मारताय. तो टकलू मध्येच तुमच्या कानात ओरडला, "नेबवर्थला होतो मी, ९६ला!" (यांचे सगळ्यात गाजलेले कार्यक्रम तिथले), आणि तुम्ही उलट ओरडलात, "मी कोल्हापूरला होतो!" हे तुमच्या मित्राला सांगितलंत तर तो हसेल, राग असला तरी. पैशासाठीच आलेत हे त्याचं म्हणणं त्यानं सोडावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला ते आयुष्यभर म्हणू द्या, तो त्याचा हक्क आहे, आणि अधूनमधून तुमचा बटाटा करू द्या.

मुलीला आजच सांगा की तिचं काही चुकलं नाही. तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर ती काकांचं नाव निघालं की खोलीत जाते. बाबांनी लपवलेलं आपल्यामुळे फुटलं असं ते लेकरू समजून बसलंय, आणि तुम्ही अंगठ्यांचा हिशेब करत बसलात. लीड्सला जायच्या आधी हे करा.

राहता राहिली डिकीतली बकेट हॅट. शनिवारी जाताना ती गाडीतून काढून घरात ठेवा, नाहीतर निघताना भावनेच्या भरात तुम्ही ती काढाल. त्याला एक टोपी तुम्ही ३१ ऑगस्टला घातलेली आहे. दुसरी त्यानं मागितली तर द्या.